विचारून फोटो काढणारा माणूस

पाटोद्याला मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी स्टँडकडून चालत येत होतो आणि ते माझ्याकडे इतकं रोखून पाहत होते की मला वाटलं, अंगावर काहीतरी सांडलंय. जवळ गेलो तर नमस्कार नाही, नाव-गाव नाही. म्हणाले, "उजवा गुडघा दुखतोय तुमचा. ल्हानपणी पडला असाल." आठवीत असताना मी खरोखरच चिंचेवरून पडलो होतो. त्यानंतर खोली पसंत नाही असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गावात सगळे त्यांना मामा म्हणायचे. गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर, खाली फोटो स्टुडिओ, मागच्या बाजूला त्यांचं एकट्याचं राहणं आणि गच्चीवर भाड्याच्या दोन खोल्या. त्यातली एक मला मिळाली. मी तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो, म्हणजे घरच्यांना नोकरी लागली असं सांगता येत होतं आणि लागलेली नाही हे मला माहीत होतं.

मामा मेंढपाळाच्या घरातले. मिसरूड फुटेपर्यंत ते उमापूरकडच्या माळांवर कळपामागे हिंडले होते. तिथं जवळून बघायची सोयच नसते. लांब टेकाडावर ठिपका दिसला की तो आपल्यातला की परका, दमलेला की दुखावलेला, हे त्याच्या चालण्यावरून आणि उभं राहण्यावरून ओळखावं लागतं. मेंढ्यांचं तेच आणि माणसांचंही तेच. "तोंड काय, सगळ्यांला सारखंच असतंय, सर," मामा म्हणायचे. "माणूस पायात असतोय." आणि हाच माणूस चाळीस वर्षं लोकांची तोंडं काढून पोट भरत होता. मी यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचो आणि ते खाली मान घालून भिंगं पुसत बसायचे.

फोटो काढण्याआधी ते विचारायचे, "काढू का?" आता स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायलाच आलेल्या माणसाला हे काय विचारायचं? पण मामा विचारायचे आणि समोरचा तोंडाने हो म्हणेपर्यंत बटण दाबायचे नाहीत. मान हलवलेली चालत नसे. तान्ह्या बाळाला आणलं तर आधी आईला विचारायचे, मग बाळालाही विचारायचे आणि बाळ रडलं तर सरळ उद्या या म्हणून सांगायचे. लग्नात तर त्यांनी कहरच केला होता. मांडवात नवरीला बाजूला नेऊन विचारायचे, तुझा काढू का म्हणून. एका नवरीने नको म्हटलं. मामांनी सगळ्या लग्नात तिचा एकही फोटो काढला नाही, नवरदेव प्रत्येक फोटोत एकटाच. तिच्या बापाने मांडवातच त्यांची गचांडी धरली होती. त्यानंतर त्यांना लग्नाची कामं मिळणं बंद झालं.

रीळ होतं त्या काळात फोटोबरोबर ते निगेटिव्हही पाकिटात घालून द्यायचे. दुसरे स्टुडिओवाले ती ठेवून घेत, कारण पुढे प्रती काढायला गिऱ्हाईक परत येतं. मामा म्हणायचे, ज्याचं तोंड त्याच्या घरी राहू द्या. आणि मेलेल्या माणसाचा फोटो काढायला ते कधीच गेले नाहीत. अंत्ययात्रेआधी लोक बोलवायला यायचे, हातापाया पडायचे. मामांचं एकच उत्तर असे, त्याला विचारू कसं?

हे वेड कुठून आलं ते त्यांनी मला एकदा संध्याकाळी चहा पिताना सांगितलं, तेही मी चिडवल्यामुळे. त्यांच्या लहानपणी रानात एक शहरातला माणूस गळ्यात कॅमेरा अडकवून आला होता. चार-दोन फोटो काढून गेला, कुणाला काही विचारलं नाही. पुढे मामांची आई वारली. नंतर केव्हातरी मामा एका खताच्या दुकानात उभे असताना त्यांना भिंतीवर आई दिसली. कॅलेंडर होतं ते. डोक्यावर बोचकं, कडेवर कोकरू, हसणारी आई आणि तिच्या पायाखाली खताची जाहिरात. मामांनी कॅलेंडर मागितलं. दुकानदार म्हणाला, वर्ष संपलं की घेऊन जा. मामा वर्ष संपेपर्यंत दर बाजाराला त्या दुकानात जाऊन उभे राहत होते.

ते कॅलेंडर त्यांनी मला ट्रंकेतून काढून दाखवलं. जाहिरातीचा भाग कापून टाकलेला होता. भिंतीवर का लावत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, तिला कुणी विचारलं नव्हतं. मग कॅलेंडर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "पर सर, त्यानं विचारलं असतं तर ती लाजून न्हाई म्हणली असती. मग मला काय राह्यलं असतं?"  मी चहा चांगला झालाय म्हणालो.

चौकात खांबावर कॅमेरे बसले तेव्हापासून मामा कडक उन्हाळा असो की हिवाळा, चौक ओलांडताना छत्री उघडायचे. पोरं हसायची. मग गाड्यांना कॅमेरे आले. पुढच्या काचेला चिकटवलेला तो काळा डोळा मामांना लांबूनच दिसायचा. अशी गाडी गल्लीत शिरली की मामा पायरीवरून उठून हात वर करायचे आणि ड्रायव्हरला विचारायचे, "गल्लीतल्या लोकांला विचारलं का?" बहुतेक ड्रायव्हर त्यांना वेडा समजून हॉर्न वाजवायचे. एकाने गाडी थांबवून नीट समजावलं होतं की अपघात झाला तर पुरावा लागतो. मामांनी ते पटवूनही घेतलं आणि मग विचारलं, अपघात झाला नाही तर आमच्या तोंडांचं काय करतो? त्याने काच वर केली आणि गाडी काढली. मामांचं म्हणणं होतं की इतके दिवस डोळ्यांना पापण्या होत्या.

माझ्या शेजारच्या खोलीत एक बाई राहायला आली. वीस-एकवीसची असेल, पोरच म्हणायची. तिला स्टँडजवळच्या शिलाईच्या दुकानात काम होतं. मामांनी तिच्याकडून नाव लिहून घेतलं नाही, आधार कार्ड मागितलं नाही. तीही मेंढपाळातलीच होती, हे त्यांनी जिना चढताना ओळखलं होतं. हळूहळू एवढं कळलं की ती नवऱ्याच्या माराला कंटाळून पळून आली होती. तिचं सासर तेलगावच्या पलीकडे कुठेतरी होतं. एका मांडवात दोन बहिणी दोन भावांना दिल्या होत्या, ही निसटली आणि धाकटी तिथेच राहिली. बाईला रात्रंदिवस त्या धाकटीचा घोर होता. आपला पत्ता लागला तर तिला पुढे करून आपल्याला परत नेतील, हे तिने मामांना पहिल्या आठवड्यातच सांगून ठेवलं होतं.

म्हणून ती बाहेर पडायची नाही. दुकान आणि खोली, खोली आणि दुकान. पण आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि त्या दिवशी घागर घेऊन नळावर उभं राहिल्याशिवाय कुणाचाच इलाज नसतो. मामा म्हणाले होते, मी भरून देतो. तिने ते ऐकलं नाही. म्हाताऱ्या माणसाकडून पाणी भरून घेणं तिला जमणारं नव्हतं. ती पदर पुढे ओढून नळावर जायची आणि नंबर येईपर्यंत एका पायावर भार देऊन, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून उभी राहायची. रानात काठीला टेकून मेंढ्या राखणारी माणसं उभी राहतात तशी. मामा पायरीवरून तिच्याकडे बघायचे तेव्हा त्यांचा चेहरा निवलेला असायचा.

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याने तेव्हा नवी गाडी घेतली होती. पुढे एक कॅमेरा, मागे एक आणि टपावर चारी दिशांना बघणारा एक. साहेब रोज कुठल्यातरी गल्लीतून जायचे, लोकांना हात दाखवायचे आणि संध्याकाळपर्यंत त्या दौऱ्याचा व्हिडिओ गाणं लावून सगळ्यांच्या मोबाईलवर यायचा. हे व्हिडिओ करण्याचं काम माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याकडे होतं. वर्गात एकही कविता पाठ न झालेलं पोरगं ते, पण या कामात हुशार निघालं.

गाडी आमच्या गल्लीत आली तो नळाचा दिवस होता. मामांनी नेहमीप्रमाणे उठून हात वर केला. गाडी थांबली नाही, जरा हळू झाली आणि गेली. दुपारी तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर आला. गल्लीच्या तोंडाशी हात वर करून उभे असलेले मामा आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'ज्येष्ठांचा आशीर्वाद'. मला हसू आवरेना. मी तसाच खाली गेलो आणि म्हणालो, मामा, तुम्ही हिरो झालात. आणि मोबाईल त्यांच्या पुढ्यात धरला.

मी तो दाखवायला नको होता. त्यांच्याकडे साधा फोन होता, त्यांना हे कधी कळलंही नसतं. आजही ते आठवलं की मला माझ्या हसण्याची लाज वाटते.

मामांनी स्वतःकडे पाहिलंच नाही. त्यांच्या वर केलेल्या हाताच्या मागे नळ दिसत होता आणि नळापाशी ती उभी होती, एका पायावर. तिचा चेहरा तीन-चार क्षण नीट दिसत होता. मामांनी मला तो पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा एकदा सांगितला, आणि मग चपला घालून पुढाऱ्याच्या कार्यालयाकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेलो.

माझ्या विद्यार्थ्याने मला बघून खुर्ची दिली, मामांना पाणी दिलं. तो उद्धट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याने समजावून सांगितलं की रस्ता सार्वजनिक आहे, रस्त्यावर दिसतं ते काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

मामा म्हणाले, "रस्ता सगळ्यांचा हाय, कबूल. रस्त्यावरची माणसं सगळ्यांची हायत का?"

त्यावर तो हसला. व्हिडिओ काढून टाका, एवढीच मामांची मागणी होती. तो म्हणाला, साहेबांनी स्वतः पुढे पाठवलाय, आता काढला तर मला बोलणी बसतील. आणि त्यातून बाई वगळायची तर सगळंच नव्याने करावं लागेल, तेवढा वेळ नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, सर, तुमच्यासाठी एवढं करतो, चेहरा झाकून परत टाकतो. मामांनी विचारलं, पक्का झाकशील? तो म्हणाला, अजिबात दिसणार नाही.

मामा त्यावर समाधानी झाले. माणूस पायात असतो असं जन्मभर सांगणारा हा म्हातारा नेमका त्या दिवशी तोंड झाकण्यावर विसंबला. चाळीस वर्षं तोंडं काढून काढून त्यांनाही ती खरी वाटायला लागली असावीत. मला मात्र त्याच क्षणी काहीतरी खटकलं होतं. पण काम होतंय, पोरगं ऐकतंय, कशाला मोडता घाला, असं म्हणून मी गप्प बसलो. वर त्याचे आभारही मानले.

संध्याकाळी जुना व्हिडिओ जाऊन नवा आला. बाईच्या चेहऱ्यावर त्याने झेंडूचं एक मोठं फूल चिकटवलं होतं. ती मान वळवेल तसं फूल वळत होतं. नळावर सात-आठ बायका होत्या, सगळ्यांची तोंडं उघडी, आणि एकीच्याच मानेवर फूल. पहिला व्हिडिओ कुणी धड बघितला नव्हता. हा सगळ्यांनी बघितला. फुलवाली कोण, साहेबांच्या गाडीपुढं तोंड लपवणारी ही कोण, कावून झाकली हिला, असं लोक त्याच्याखाली लिहायला लागले. काहींनी घाणेरडंही लिहिलं. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला करत ते फूल सगळ्या जिल्ह्यात फिरलं. मी विद्यार्थ्याला फोन लावला, तर तो खुशीत होता. म्हणाला, सर, आपला एवढा चाललेला हा पहिलाच.

बाईला आम्ही सांगितलं नाही. मामा म्हणाले, उगाच घाबरंल, चेहरा तर झाकलाय ना. ते मला विचारत होते की स्वतःला समजावत होते, कळलं नाही. मी हो म्हणालो.

पाचव्या दिवशी सकाळी एक म्हातारी आणि दोन पुरुष स्टुडिओत आले. मी कॉलेजला निघालो होतो. तिघं लांबून येत असतानाच मामांनी ओळखलं की ही रानातली माणसं आहेत, आणि त्यांना आनंद झाला. बाकं पुसली, मला चहा सांगायला लावला, मेंढरं कुठं बसलीत, चारा कसा आहे, विचारत राहिले. म्हातारी नीट उत्तरं देत होती. चहा झाल्यावर तिने पदराच्या गाठीतून मोबाईल काढला आणि तो व्हिडिओ लावून मामांपुढे धरला. मामांच्या डोक्यावर दुकानाची पाटी त्यात स्वच्छ वाचता येत होती.

"तोंड झाकलं तुमी," म्हातारी म्हणाली. "पर दोन वरीस रानात उभी राहताना बघितलीय मी तिला. त्ये फूल नसतं तर माझं ध्यान बी गेलं नसतं."

तेवढ्यात बाई कामावर जायला जिना उतरून आली. तिने तिघांना पाहिलं आणि तिथंच थांबली. ओरडली नाही, पळाली नाही. म्हातारी तिची सासू आणि दोन पुरुषांपैकी एक तिचा नवरा असणार; त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हातारी शांतपणे म्हणाली, धाकटीनं निरोप दिलाय, ये म्हणून. एवढंच. धमकी नाही, शिवी नाही. पण त्या दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते पुरेसं होतं. मी पुढे होऊन म्हणालो, ताई, पोलिसांना फोन लावतो. तिने नकारार्थी मान हलवली. म्हणाली, तुम्ही मला सोडवाल सर, तिला कोण सोडवणार?

ती वर गेली आणि पिशवी भरून खाली आली. जाताना मामांपुढे थांबली. तिला व्हिडिओचं काहीच माहीत नव्हतं, तिला फक्त समोर चहाचे रिकामे कप दिसत होते.

"मामा, तुमी कावून सांगितलं त्यांला?"

 मामा म्हणाले, "मी झाकायला गेलतो, पोरी."

तिला त्याचा अर्थ लागला नाही. मी काही सांगणार, तोवर चौघं रस्त्याला लागली होती. मामा पायरीवर उभे राहून ती वळेपर्यंत बघत राहिले. ती कशी चालत होती ते मी बघितलं नाही. माझ्याने बघवलं नाही.

तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. नंतर दोन वेळा मी तेलगावकडे जाऊन चौकशी केली, पण कळप पुढे गेले होते आणि परक्या माणसाला कुणी काही सांगेना. तिच्या मनात मामांनीच दगा दिला असं पक्कं बसलं असणार. मामांना तेच खात होतं. ती गेल्याचं दुःख एक, पण तिने आपल्याला तसलं समजून जावं हे त्यांना सोसलं नाही.

त्यानंतर त्यांनी फोटो काढला नाही. गिऱ्हाईक आलं तर ते त्याला खुर्चीत बसवायचे, दिवा लावायचे, कॅमेऱ्यामागे जाऊन उभे राहायचे. समोरचा वाट बघायचा. मामांच्या तोंडून "काढू का" निघायचंच नाही. थोड्या वेळाने गिऱ्हाईक उठून दुसऱ्या दुकानात जायचं. गाड्या गल्लीतून जायच्या, मामा पायरीवरून उठायचे नाहीत. नळाच्या दिवशी मात्र ते तिची घागर घेऊन नळावर जायचे, भरायचे आणि तिच्या बंद खोलीच्या दाराशी नेऊन ठेवायचे. पुढच्या आठवड्यात ते पाणी ओतून पुन्हा ताजं भरायचे. हे थांबवा असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, तुमच्यावाणी मला दुसरं गाव न्हाई, सर. खरंच होतं. माझे तास संपले होते आणि मी सामान बांधत होतो.

मामा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी पोचलो तोवर तेरावा झाला होता. स्टुडिओला कुलूप होतं आणि गल्लीच्या तोंडाशी मोठा फ्लेक्स लागला होता. एका कोपऱ्यात हात जोडलेले पुढारी आणि मधोमध मामा, उजवा हात वर केलेले. मामांचा दुसरा फोटोच कुणाकडे नव्हता, म्हणून गाडीच्या कॅमेऱ्यातला तोच घेतला होता. गाडी अडवणारा तो हात फ्लेक्सवर आशीर्वाद देत होता. मागे निळं आभाळ आणि पांढरे ढग होते. गल्ली नव्हती, नळ नव्हता.

माझा विद्यार्थी तिथेच खुर्च्या मोजून टेंपोत चढवून घेत होता. मला बघून आला, पाया पडला. फ्लेक्स त्यानेच केला होता. चांगला झालाय ना, असं त्याने विचारलं. मागे ती बाई होती ती कुठं गेली, म्हणून मी विचारलं.

"ती व्हय? ती पुसली," तो म्हणाला. "दोन मिन्टं लागली, सर. बोट फिरवलं की माणूस जातंय."

मग त्याने मोबाईल वर धरला आणि फ्लेक्ससमोर उभा असलेला माझा फोटो काढून घेतला. मी त्याला अडवलं नाही.